उडी तीच आहे का?

एखाद्या जुन्या प्लॅटफॉर्म गेमची सुधारित आवृत्ती येणार असे जाहीर झाले, की सर्वांत आधी जुनी आणि नवी चित्रे शेजारी-शेजारी ठेवून दाखवली जातात. डावीकडे चौकोनी ठिपक्यांतून घडवलेला नायक, उजवीकडे त्याच नायकाच्या अंगावरचा केस न् केस. डावीकडे सपाट निळे आकाश, उजवीकडे ढगांतून झिरपणारे ऊन. पाहणाऱ्याने थक्क व्हावे आणि खिशात हात घालावा, एवढाच त्या चित्रांचा हेतू असतो, आणि थक्क मीही होतो. परंतु ज्या खेळात सारा व्यवहार उडी मारण्याचा, एखाद्या कडेवर नेमके उतरण्याचा आणि तिथून पुन्हा उडी मारण्याचा असतो, त्याच्याबद्दल स्थिर चित्र जवळजवळ काहीच सांगत नाही. माझ्या मनात त्या वेळी एकच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कंट्रोलर हातात आल्याशिवाय मिळत नाही: उडी तीच आहे का?

ज्याने असे गेम फारसे खेळले नाहीत त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. बटण दाबले की पात्र वर जाते आणि मग खाली येते, यात बदलण्यासारखे असणार ते काय? मात्र १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’कडे पाहिले तरी या साध्या कृतीत किती निर्णय दडलेले असतात ते कळते. तिथे बटण दाबून धरले तर मारिओ उंच जातो, लगेच सोडले तर ठेंगणी उडी मारतो. तो धावत असेल तर झेप आणखी वाढते. आणि हवेत असतानाही दिशेचे बटण दाबून त्याला थोडे पुढे-मागे सरकवता येते. जमिनीवरून पाय सुटल्यावर कोणालाही आपली दिशा अशी बदलता येत नाही, पण पडद्यावर ते इतके स्वाभाविक वाटते की त्यातली लबाडी आपल्या लक्षातही येत नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’मध्ये याच्या अगदी उलट प्रकार आहे. तिथे जमीन सोडली की उडीची कमान ठरून जाते, मग मधेच मन बदलून काही उपयोग नसतो. पहिल्या उडीत खेळाडूला धीर मिळतो, दुसरीत प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो, आणि त्या-त्या गेममधल्या खड्ड्यांची रुंदी, शत्रूंच्या जागा, फळ्यांमधले अंतर, हे सगळे त्या एका उडीच्या मापाने बेतलेले असते.

खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर हे माप हळूहळू डोक्यातून बोटांत उतरते. घरच्या जिन्यावरून अंधारात उतरताना पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत, तसेच इथे घडते. कोणी एक पायरी बोटभर उंच केली तर डोळ्यांना कळण्याआधी पायाला कळेल. बहुतेक प्लॅटफॉर्म गेम सेकंदाला साठ चौकटी दाखवतात, म्हणजे एक चौकट जेमतेम १७ मिलिसेकंदांची. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबणे आणि पात्र हलणे यांच्यात जो विलंब होता, तो आजच्या सपाट पडद्यांवर अनेकदा वाढतो, आणि जुना गेम नव्या यंत्रावर चालवणारे इम्युलेटर त्यात स्वतःची एखाद-दुसरी चौकट मिसळू शकते. हे सारे कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही. खेळणाऱ्याला एवढेच जाणवते, की हा गेम आपल्याला पूर्वी येत होता आणि आता येत नाही.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण ‘क्रॅश बँडिकूट’चे आहे. नॉटी डॉगने पहिल्या प्लेस्टेशनसाठी केलेला मूळ गेम १९९६ चा. त्यासह पहिले तीन गेम व्हायकॅरियस व्हिजन्स या स्टुडिओने २०१७ मध्ये ‘एन. सेन ट्रिलॉजी’ या नावाने नव्याने घडवले. काम अतिशय निष्ठेने केलेले आहे, हे पहिल्याच समुद्रकिनाऱ्यावर कळते. जंगल तेच, खोक्यांच्या जागा त्याच, आणि क्रॅशचा तो मूर्ख आनंद आता चेहऱ्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो. नंतर ‘द हाय रोड’ ही लेव्हल येते. धुक्यात लटकणारा दोरखंडाचा पूल, मधल्या फळ्या निखळलेल्या, काही फळ्या पाय ठेवताच तुटणाऱ्या, आणि खाली काहीच नाही. इथे मी जुन्या सवयीने, फळीच्या अगदी टोकावरून, शेवटच्या क्षणी उडी घेतली आणि पलीकडच्या फळीवर पोहोचलोही, पण त्या फळीच्या कडेवर क्रॅश उभा राहिला नाही. त्याचे पाय तिला लागलेले मला दिसले, आणि तरीही तो तिच्यावरून ओघळल्यासारखा खाली गेला.

असा अनुभव जगभरच्या खेळाडूंना येत होता आणि त्यावर इतका गदारोळ झाला, की स्टुडिओला खुलासा करावा लागला. तो खुलासा मला या साऱ्या विषयाचे सार वाटतो. त्यांनी सांगितले, की पहिल्या गेममधल्या उडीची उंची आणि लांबी नव्या आवृत्तीत मूळइतकीच ठेवली आहे. हाताळणीचा पाया मात्र तिसऱ्या गेमवरून घेतला आहे, आणि वस्तूंचा एकमेकींना होणारा स्पर्श ओळखण्याची पद्धत नव्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, वेगळी असल्याने काही उड्या पूर्वीपेक्षा अधिक अचूक माराव्या लागतात. खेळाडूंनी त्याचा माग काढला तेव्हा असे दिसले, की क्रॅशच्या शरीराभोवती जो अदृश्य आकार कल्पिलेला असतो तो आता औषधाच्या कॅप्सूलसारखा, खाली गोलाकार आहे. त्यामुळे पाय कडेवर अर्धवट टेकला तर तो टिकत नाही, घसरतो. उंची तीच आणि लांबी तीच, म्हणजे कागदावर मोजायला गेलो तर उडी तीच निघते. उतरणे मात्र वेगळे आहे. आणि उतरणे बदलले की उडी बदलते.

यापेक्षाही लहान बदल माणसाला किती खुपू शकतो, याचा नमुना १९९३ च्या ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’मध्ये आहे. जुने चार मारिओ गेम नव्या, अधिक रंगीत रूपात एकत्र आणणारा हा संग्रह अशा सुधारित आवृत्त्यांचा एक आद्य आदर्शच म्हणायला हवा. मूळ गेममध्ये मोठा झालेला मारिओ डोक्याने वीट फोडतो तेव्हा आपटून लगेच खाली येतो. संग्रहात तो वीट फोडून तसाच काही अंतर वर जात राहतो. एवढाच काय तो फरक. नव्याने खेळणाऱ्याच्या तो कधी ध्यानातही येणार नाही, पण ज्याने मूळ गेम मुरवला आहे त्याला त्या विटेचा प्रतिकारच नाहीसा झाल्यासारखे वाटते, आणि विटांच्या रांगेखालून जाताना त्याचा ताल चुकत राहतो.

एवढे सांगितल्यावर मी सुधारित आवृत्त्यांच्या विरुद्ध आहे असा समज होईल, तो खरा नाही. त्याच ‘ऑल-स्टार्स’मुळे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा जपानमध्ये १९८६ साली आलेला दुसरा भाग ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने पहिल्यांदा जपानबाहेरच्या लोकांना खेळायला मिळाला. प्रगती साठवून ठेवण्याची सोयही त्यातच आली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’सारखा आठ जगांचा विस्तीर्ण गेम मुळात सेव्ह करता येत नसे, एका बैठकीत संपवा, नाहीतर उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, असा त्याचा खाक्या होता. त्या सक्तीत काही थोर तत्त्व होते असे मला मुळीच वाटत नाही. वेळ कमी असणाऱ्या माणसाला तिने उगाचच दाराबाहेर ठेवले होते. सेव्हची सोय लेव्हलच्या आत काहीच बदलत नाही, उडीला हात लावत नाही, आणि तरीही तो गेम कितीतरी अधिक लोकांचा करून टाकते.

पडद्याच्या मापाचे महत्त्व त्याहून जास्त आहे, आणि त्याची चर्चा मला क्वचितच आढळते. १९९९ मध्ये गेम बॉय कलरवर ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’ आला. त्यात नवे आव्हान-प्रकार होते, सेव्ह होते, हौसेने केलेल्या अनेक गोष्टी होत्या. पण त्या यंत्राचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, आणि मूळ गेम २५६ बाय २४० ठिपक्यांसाठी रचलेला. चित्रे आकाराने तेवढीच ठेवल्यामुळे जगाचा एक तुकडाच एका वेळी दिसे. वर-खाली काय आहे ते पाहण्यासाठी थांबून नजर सरकवावी लागे. उडी बिनचूक असूनही ती आंधळी झाली. याच्या अगदी उलट परिणाम ‘सॉनिक सीडी’च्या २०११ च्या आवृत्तीत झाला. १९९३ चा हा गेम ख्रिश्चन व्हाइटहेड यांनी स्वतःच्या इंजिनमध्ये पुन्हा उभा केला आणि रुंद पडद्यावर आणला. सॉनिकचा सारा जीव वेगात आहे, आणि जुन्या पडद्यावर त्या वेगाची शिक्षा ही होती, की समोरचे काटे दिसेपर्यंत आपण त्यांच्यावर जाऊन आदळलेलो असू. दोन्ही बाजूंना थोडी जागा वाढताच तोच वेग पेलवतो. मला विचाराल, तर मूळ गेमला जे हवे होते पण यंत्राने मिळू दिले नाही, ते त्याला मिळवून देणारी ही सुधारणा आहे, आणि असे फार थोड्या आवृत्त्यांना साधते.

कधी-कधी भर घालता-घालता हातच काढून घेतला जातो. १९९६ चा ‘सुपर मारिओ ६४’ कंट्रोलरवरच्या ॲनालॉग काडीभोवती घडवला होता: काडी हलके कलवली तर मारिओ चवड्यांवर चालतो, पूर्ण कलवली तर पळतो. २००४ मध्ये डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘सुपर मारिओ ६४ डीएस’ आला तेव्हा १२० ताऱ्यांचे १५० तारे झाले आणि मारिओबरोबर योशी, लुइजी व वारिओही खेळायला मिळाले, पण त्या यंत्राला अशी काडीच नव्हती. आधीपेक्षा कितीतरी अधिक सामग्री, आणि ती हाताळायला आधीपेक्षा ओबडधोबड साधन. ज्याला तारे मोजायचे असतील त्याला हा सौदा फायद्याचा वाटेल. मी त्या गेममध्ये फार रमलो नाही.

जुन्या चुकांचे काय करावे, हा आणखी नाजूक प्रश्न आहे. ‘सुपर मारिओ ६४’मध्ये जिन्यावर पाठमोऱ्या लांब उड्या मारत राहिले, तर मारिओचा वेग अमर्याद वाढत जातो आणि तो बंद दारांपलीकडेही पोहोचू शकतो. गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांनी या चुकीचे एका कलेत रूपांतर केले. जपानमधल्या १९९७ च्या सुधारित आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली, आणि २०२० चा ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ हा संग्रह त्याच दुरुस्त आवृत्तीवर बेतलेला असल्यामुळे त्यातही ती नाही. कारागिराच्या नजरेतून पाहिले तर चूक दुरुस्त करण्यात गैर काही नाही. परंतु एखादी गोष्ट इतकी वर्षे इतक्या हातांतून गेली, की ती मूळ कर्त्याचा दोष राहते की खेळाचा भाग बनते, याचा निर्णय एकट्या कर्त्याने करावा, हे मला मान्य होत नाही.

या सर्व तिढ्यांवर मी पाहिलेला सर्वांत सुंदर उपाय ‘वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप’च्या २०१७ च्या आवृत्तीत आहे. मूळ गेम १९८९ चा, सेगाच्या मास्टर सिस्टिमवरचा. लिझर्डक्यूब या छोट्या चमूने मूळ गेमची आतली रचना उकलून काढली आणि त्या सांगाड्यावर हाताने रंगवलेली नवी चित्रे व नवे संगीत चढवले. एक बटण दाबले, की खेळ न थांबता नवी चित्रे जाऊन जुनी येतात. ध्वनीही तसाच वेगळा बदलता येतो. मी हे बटण गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा दाबले, हे सांगायला हरकत नाही. उडी घ्यायची, पात्र कमानीच्या माथ्यावर असताना बटण दाबायचे, आणि पाहायचे: पात्र त्याच बिंदूवर असते, त्याच वेगाने खाली येते, त्याच ठिकाणी उतरते. गवताची पाती, पाण्यावरची चमक, राक्षसाच्या चेहऱ्यावरची आठी, हे सारे येते-जाते, आणि त्याखाली मूळ गेमचे मोजमाप जसेच्या तसे उभे असते. मूळ गेममध्ये प्रगती जपण्यासाठी मिळणारे पासवर्डसुद्धा या आवृत्तीत चालतात. नवी चित्रे मला मनापासून आवडली, तरी एखादी अवघड जागा आली की मी नकळत जुन्या चित्रांकडे वळत असे, कारण तिथे जमीन कुठे संपते आणि सजावट कुठे सुरू होते याबद्दल शंकेला जागा नव्हती. सुंदर चित्रांचा हा धोका सुधारित आवृत्त्या करणाऱ्या सर्वांनीच ध्यानात ठेवावा असा आहे: कडेवर लोंबणारे गवत डोळ्यांना सुखावते, पण पाय कुठे ठेवायचा ते झाकून टाकते.

उडी जशीच्या तशी ठेवावी या माझ्या हट्टाला एक अपवाद मात्र आहे, आणि तो माझ्या युक्तिवादाला अडचणीचा आहे. २०१३ चा ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’ २०२१ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आला तेव्हा त्यातल्या पात्रांचा धावण्याचा वेग वाढवलेला होता. माझ्या न्यायाने पाहिले तर हा सरळसरळ गुन्हाच. प्रत्यक्षात त्या वेगाने गेममध्ये जान आली, जुन्या लेव्हल्स अधिक सलग वाटू लागल्या, आणि मूळ गेमचा तो संथपणा मला आता सोसत नाही. सोबत दिलेला ‘बाउझर्स फ्युरी’ हा तर स्वतंत्र, छोटा, खुल्या जगाचा गेमच आहे. तो मूळ गेमला चिकटवलेला नाही, शेजारी ठेवलेला आहे, आणि भर घालायचीच असेल तर ती अशीच घालावी. एरवी जादा लेव्हल्सचे मला फारसे कौतुक नाही. मूळ रचनाकारांनी गाळलेल्या किंवा नंतर कोणी बेतलेल्या त्या लेव्हल्स बहुधा गाळण्याच्याच योग्यतेच्या असतात.

नव्या खेळाडूंसाठी गेम सोपा करण्यावरून होणारी भांडणे मला नेहमीच विचित्र वाटतात. ‘डाँकी काँग कंट्री: ट्रॉपिकल फ्रीझ’ हा २०१४ चा वी यू यंत्रावरचा गेम अतिशय कठीण म्हणून ओळखला जातो. २०१८ मध्ये तो स्विचवर आला तेव्हा त्यात फंकी काँग हे पात्र खेळायला दिले गेले. त्याला पाच हृदये आहेत, तो हवेत दुसरी उडी मारू शकतो, आणि पायाखालच्या सर्फबोर्डमुळे काट्यांवर बिनधास्त उतरू शकतो. ज्या लेव्हल्स एकाच उडीच्या मापाने बेतलेल्या आहेत त्यांत दुसरी उडी आणली की त्यांची लय मोडते, हे खरे. परंतु हे पात्र निवडण्याची सक्ती कोणावरही नाही. नेहमीच्या प्रकारात खेळणाऱ्याला मूळ गेम मूळ काटेकोरपणासह मिळतो. दुसऱ्याने सोप्या मार्गाने शिखर गाठल्यामुळे आपली चढाई कमी कशी होते, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

खरा संताप यावा अशी गोष्ट वेगळीच आहे. नवी आवृत्ती विकण्यासाठी जुनी काढून घेतली जाते. ‘सॉनिक ओरिजिन्स’ हा संग्रह जून २०२२ मध्ये आला, आणि त्याच्या महिनाभर आधी त्यातले मूळ गेम बहुतेक डिजिटल दुकानांतून हटवण्यात आले. संग्रहात ‘सॉनिक ३’चे काही मूळ संगीतही बदललेले होते. ‘थ्रीडी ऑल-स्टार्स’ तर १८ सप्टेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ एवढाच काळ विकला जाईल असे आधीच जाहीर करून बाजारात आणला गेला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. अशा परिस्थितीत सुधारित आवृत्ती हा पुष्कळदा त्या गेमपर्यंत पोहोचण्याचा एकमेव कायदेशीर रस्ता असतो, आणि म्हणूनच तिने मूळ गेम पोटात घेऊन यावे, त्याची जागा बळकावू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. ‘शॉव्हल नाइट’च्या कर्त्यांनी २०१४ च्या आपल्या गेममध्ये पुढची पाच वर्षे नवनवे मोठे भाग घातले आणि ते आधीच्या खरेदीदारांना फुकट दिले. सगळ्यांना ते परवडणारे नाही हे मला कळते, पण तसे करता येते एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

आता उरला पैशांचा प्रश्न. ‘ट्रॉपिकल फ्रीझ’ वी यूवर आला तेव्हा त्याची किंमत ५० डॉलर होती; चार वर्षांनी स्विचवर तोच गेम ६० डॉलरला विकला गेला. बदल्यात काय मिळाले? ७२० ऐवजी टीव्हीवर १०८० ओळींचे चित्र, लेव्हल उघडताना कमी थांबणे, आणि फंकी काँग. एकही नवी लेव्हल नाही. ज्याच्याकडे मूळ गेम आणि ते यंत्र होते, त्याने हे पैसे खर्च करू नयेत असेच मी तेव्हा म्हटले असते, आणि आजही त्याला तेच सांगेन. परंतु वी यू यंत्रे जगभरात मिळून सुमारे १.३६ कोटीच विकली गेली, तर स्विचची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली आहे. म्हणजे बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने हा गेम २०१८ मध्येच पहिल्यांदा आला. मार्च २०२३ मध्ये वी यूचे डिजिटल दुकानही बंद झाले आणि मूळ गेम तिथून विकत घेण्याची सोय संपली. उडी तीच आहे. आज ज्याने तो खेळलेला नाही त्याने माझे मत विचारले, तर मी किमतीबद्दल कुरकुर करीन आणि त्याला तो घ्यायला लावीन.